कामोठ्याचा वेढा

ऐरोली पडली ती दिलीप साळुंख्यांच्या चुकीने. "आरं, ऐरोली गेली की," असं ते इतक्या खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, की कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन अरुणाबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, पुलावर काहीतरी भयंकर झालं. मग त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पलंगावर उशीला टेकून हसणाऱ्या मुलाकडे पाहिलं. पोरगं हसतंय एवढं बघून त्या परत कोथिंबीर निवडायला गेल्या. ऐरोली काय, पडली तर पडली.

निशांतच्या त्या गेममध्ये आठशे वर्षांपूर्वीचं जग होतं. डोंगर, नदी, तटबंदीची गावं आणि सांभाळायला एक छोटंसं राज्य. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीचं असतं. रस्ते बांधा, धान्य साठवा, शेजाऱ्याशी तह करा. मग एके दिवशी पूर्वेकडून धूळ उठते आणि मंगोल येतात. एक टोळी नाही, बारा टोळ्या, सगळे घोड्यावर, सगळ्यांच्या हातात धनुष्य. आठ-दहा खेळ्या झाल्या की मागून आणखी बारा. त्यांच्याशी तह होत नाही. निशांत हा डाव कॉलेजपासून चार वेळा खेळला होता आणि चारही वेळा त्याचं राज्य साफ झालं होतं. पाचव्या वेळी त्याने गंमत म्हणून आपल्या गावांना इथलीच नावं देऊन टाकली. नदीच्या पुलाशी ऐरोली, बाजारपेठेचं गाव वाशी, दक्षिणेच्या वाटेवर पनवेल, आणि मधोमध उंच तटाचं, राजाच्या राहत्या वाड्याचं गाव ते कामोठं. खऱ्या कामोठ्यात, चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत, हा राजा फेब्रुवारीपासून पलंगावर होता.

पोटाचा कॅन्सर, आणि वय एकोणतीस. ऐरोलीतल्या ज्या कंपनीत तो कामाला होता तिथल्या पोरांनी सुरुवातीला रोज फोन केले, मग आठवड्यातून एकदा. केमोने केस गेले, अंगावरचं मांस गेलं, आणि बोटं अशी बधिर झाली की माऊस धरला तरी कळत नसे. म्हणून वाटणी अशी ठरली होती की डोकं मुलाचं आणि हात बापाचा. दुपारचं जेवण झालं की दिलीपराव डायनिंग टेबलाची खुर्ची पलंगाशी ओढत, चष्मा लावत आणि हुकमाची वाट बघत बसत.

त्यांच्या हाताबद्दल सांगायला हवं. वाशीला एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी एकतीस वर्षं तोलणार म्हणून काढली होती. गोणी काट्यावर चढली की ते दोन पावलं मागे सरत, दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि मगच खणखणीत आवाजात आकडा वाचत. पायाचा नुसता अंगठा टेकला तरी वजन हलतं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही, म्हणून दोघांना दिसावं की हा माणूस काट्यापासून लांब उभा आहे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना असं करायला. त्यांचं त्यांनीच लावून घेतलं होतं. शाळेच्या सुट्टीत बाजारात आलेला निशांत घरी येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायचा, दोन पावलं मागे, हात पाठीला, छाती पुढे, आणि अरुणाबाई हसून लोळायच्या.

असा सरळ माणूस, आणि सरळ माणसाचंच मंगोलांपुढे हसं होतं. ऐरोलीच्या वेशीबाहेर मंगोल घोडी वळवून पळायला लागले, तसं दिलीपरावांना चेव आला. मुलगा नको नको म्हणेपर्यंत त्यांनी दरवाजा उघडून सगळी फौज मागे सोडली. मैलभर गेल्यावर मंगोल वळले आणि फौजेतला एकही माणूस परत आला नाही.

"पप्पा, ते पळत नसतात," निशांत हसू आवरत म्हणाला. "पळाल्यासारखं करतात. मंगोल खरे कधीच पळत नाहीत, हे डोक्यात फिट करून ठेवा." मग बापाचा चेहरा बघून त्याने समजूत घातली. "टेन्शन नका घेऊ. कामोठं आहे ना अजून. कामोठं पडलं नाही तर मीपण पडत नाही, जा."

तो गमतीने बोलला होता, पण आतून अरुणाबाईंनी ऐकलं. साळुंखे मूळचे पाटणकडचे. तिथे देवाला कौल लावतात. भैरोबाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न विचारायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळीला कुणी फुंकरसुद्धा मारायची नाही, पुजाऱ्यानेही नाही. अरुणाबाईंच्या मनात कामोठ्याचा कौल त्या दिवसापासून लागला. रोज दुपारी खेळ संपला की त्या पदराला हात पुसत दारात येत आणि विचारत, "आज कामोठं हाय न्हवं?"

चोवीस जुलैला डॉक्टरांनी दिलीपरावांना एकट्याला आत बोलावलं. औषध आता लागू पडत नाही, यकृतात पसरलंय, यापुढे दुखणं कमी ठेवायचं एवढंच हातात आहे. किती दिवस, असं दिलीपरावांनी विचारलं नव्हतं, पण डॉक्टरांनी सांगितलं. दोन महिने, थोडं पुढेमागे. मुलगा सज्ञान आहे, त्याला कळायला हवं, आपण दोघं मिळून सांगू, असंही ते म्हणाले. दिलीपरावांनी त्यांच्यापुढे हात जोडले. बापाच्या तोंडून कळू द्या, मी सांगतो, म्हणाले. लिफ्टमधून खाली येईपर्यंत त्यांचा तो विचार खराच होता.

खाली व्हीलचेअरवर निशांत चहाचा कागदी कप दोन्ही तळव्यांत धरून बसला होता. काय म्हणाले, त्याने विचारलं. दिलीपराव म्हणाले, डोस बदलायचाय, तोवर दीड-दोन महिने नुसता आराम. इतकं सहज तोंडातून गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. निशांतने मान हलवली. केमोला सुट्टी मिळाली म्हणून त्याचा चेहरा खुलला होता, आणि त्या खुललेल्या चेहऱ्यापुढे बापाची हिंमत संपली ती संपलीच.

मग जे आपल्याकडे सगळ्या घरांत होतं ते इथेही झालं. अरुणाबाईंना रात्रीच सांगितलं. साताऱ्याच्या काकांना कळलं, मामाला कळलं, सोसायटीच्या सेक्रेटरींना कळलं, त्यांच्याकडून दोन्ही विंगना कळलं. लोक पपई आणि शहाळी घेऊन येत, पलंगाशी बसून क्रिकेटचं बोलत, आणि जिन्यात जाऊन डोळे पुसत. हॉस्पिटलची फाईल कपाटात अरुणाबाईंच्या पैठणीखाली गेली. ज्याचं मरण होतं तो सोडून सगळ्यांना तारखेचा अंदाज होता.

पंचवीस जुलैच्या संध्याकाळी मनालीचा फोन आला. मनाली आणि निशांतचं चार वर्षांपासून जमलं होतं. मे महिन्यात साखरपुडा ठरला होता, तो आजारपणामुळे पुढे गेला. ती बंगळूरला नोकरीला होती, आणि निशांतने तिला बजावलं होतं की डोक्यावर केस आल्याशिवाय मला बघायला यायचं नाही, दिवाळीत ये. ती ऐकत होती, पण तिला राहवत नव्हतं. काका, खरं सांगा, मी येऊन जाऊ का, तिने विचारलं. दिलीपराव गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं आणि म्हणाले, अगं बरा हाय तो, डोस बदललाय, तू दिवाळीलाच ये निवांत. तिकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. तिने त्यांचे आभारसुद्धा मानले.

ऑगस्टमध्ये वाशी पडली. तिथले लोक कामोठ्यात घेतले. मग पनवेल पडलं. निशांत आता फार बोलत नसे. दुखणं वाढलं होतं, औषधाने ग्लानी यायची, पण जेवणानंतरचे दोन तास तो दात आवळून जागा राही आणि हळू आवाजात हुकूम देई. तेलाच्या कढया तटावर न्या. विहिरीवर पहारा बसवा. दक्षिणेचा दरवाजा चिणून घ्या. बारा टोळ्या तटाबाहेर होत्या आणि मागच्या बारा अजून यायच्या होत्या. त्या आल्या की कामोठं फार तर सहा खेळ्या टिकेल, असा त्याचा हिशेब होता. कधी कधी तो झोपेत, "दरवाजा, पप्पा," असं म्हणे, आणि दिलीपराव अंथरुणातून उठून उगीच फ्लॅटच्या दाराची कडी बघून येत.

ते त्यांना सहन होईना. माणूस खोटं बोलायला लागला की एका खोट्यावर थांबत नाही, आणि दिलीपराव तर या कामात नवखे होते. गणपतीच्या आदल्या दुपारी निशांतला खेळाआधीच झोप लागली. दिलीपरावांनी लॅपटॉप उघडला. महिनाभरात त्यांना सगळे कप्पे माहीत झाले होते. सेटिंगमध्ये शत्रूचं बळ ठरवणारी एक पट्टी होती, तिच्यावरचा गोळा निशांतने अगदी वरच्या टोकाला ठेवलेला होता. त्यांनी तो धरला आणि खाली, तळाला आणून सोडला. नक्की का, असं गेमने विचारलं. त्यांनी हो दाबलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. अरुणाबाई दारात उभ्या होत्या. त्या आत जाऊन मोदकाच्या सारणासाठी नारळ खवायला बसल्या.

गणपतीचे पहिले दोन दिवस आल्यागेल्यांत गेले. तिसऱ्या दिवशी, एकोणतीस ऑगस्टला, निशांत म्हणाला, चला, बघू आपलं कामोठं.

मागची कुमक आली. बाराऐवजी पाचच टोळ्या आल्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. निशांतने भुवया उंचावल्या. तटावरून बाण सुटले आणि मंगोलांची पहिली फळी मोडली. दुसरी मोडली. मग सगळे घोडे वळले आणि डोंगराकडे पळत सुटले. दिलीपरावांचा हात माऊसवर होता. अरुणाबाई पुढे आल्या आणि त्यांनी विचारलं, "पळाले का रं?"

"थांब जरा," निशांत म्हणाला.

तो वाट बघत होता. मंगोल वळायची वाट. एक खेळी झाली, दोन झाल्या. ते वळले नाहीत. नकाशाच्या कडेपर्यंत गेले आणि दिसेनासे झाले. पडद्यावर विजयाचं काहीतरी झळकलं आणि पिपाण्या वाजल्या. खाली सोसायटीच्या मंडपात कुणीतरी आरतीची तयारी करत होतं. निशांतने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं.

"सेटिंग उघडा, पप्पा."

दिलीपरावांचा हात हलला नाही. निशांतने स्वतःचा बधिर हात पुढे केला, माऊस ढकलला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याला जमलं. गोळा तळाला होता.

"यंदा आपल्या विंगखाली ढोल वाजला नाही," तो म्हणाला. "स्पीकरपण तिकडच्या गेटला लावलाय. मला वाटलं, मंडळ सुधारलं." तो थोडा थांबला, कारण त्याला दम लागला होता. "पप्पा, तुम्ही आयुष्यात काट्याला पाय लावला नाहीत. आता माझ्याच वेळी का लावलात?"

अरुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. दिलीपराव उठले. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. छप्पन कारणं त्यांच्या जिभेवर आलीही. पण पोराने बरोबर तोच प्रश्न विचारला होता, ज्याच्यापुढे त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. ते पलंगापासून दोन पावलं मागे सरले. हात आपोआप पाठीमागे गेले.

"चोवीस जुलैला डॉक्टरांनी सांगितलं," ते म्हणाले. "औषध लागू व्हत न्हाई. दोन महिने म्हणाले. थोडं पुढंमागं."

निशांतने मनातल्या मनात मोजलं. तसं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"म्हणजे छत्तीस दिवस तुम्ही घेतलेत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर दिलीपरावांना बरं वाटलं असतं. "मी तिला केसांसाठी थांबवून ठेवली, पप्पा. केसांसाठी."

मग त्याने फोन मागितला आणि दोघांना बाहेर जायला सांगितलं. बंद दाराबाहेर नवरा-बायको उभी राहिली. आतून आवाज येत नव्हता. खाली आरती सुरू झाली, तीही हळू.

मनाली दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने आली. तिने सॅक कोपऱ्यात टाकली, त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला, आणि ती पलंगाच्या कडेला बसली ती जवळजवळ उठलीच नाही. दिलीपरावांनी खुर्ची सोडली. माऊस आता तिच्या हातात होता. निशांतने आधीचा सेव्ह केलेला डाव उघडायला लावला, गोळा पुन्हा वरच्या टोकाला न्यायला लावला, आणि मागच्या बारा टोळ्या पुऱ्या संख्येने आल्या. आता त्याने तट राखायचा नादच सोडला. चिणलेला दक्षिणेचा दरवाजा फोडून घेतला आणि रोज दुपारी थोडी थोडी माणसं बाहेर काढायला लागला. आधी पोरंबाळं, मग विणकर, मग लोहार. ती कुठे जातील, मनालीने विचारलं. नकाशाबाहेर, तो म्हणाला. मधेच दोघं कसल्यातरी जुन्या गोष्टीवर हसत, आणि दिलीपराव स्वयंपाकघरात पाण्याचा पेला हातात धरून ते हसणं ऐकत उभे राहत.

कामोठं आठ सप्टेंबरला पडलं. त्या दिवशी अरुणाबाई दारात आल्या, पण त्यांनी काही विचारलं नाही. तटाला खिंडार पडलं, घोडी आत शिरली, वाडा पेटला. आधीचा सेव्ह उघडू का, असं मनालीने विचारलं तेव्हा निशांतने मान हलवून नको म्हटलं. चार वेळा हरलो तेव्हा सगळी माणसं आत मेली होती, यावेळी चारातली तीन हिस्से माणसं बाहेर काढली, असं तो म्हणाला. मग त्याने लॅपटॉप बंद करायला लावला. चौदा तारखेला पहाटे तो गेला. मनाली त्याच्या उशाशी होती. तिला सोळा दिवस मिळाले.

तेरावं झाल्यावर ती बंगळूरला परत निघाली. अरुणाबाईंनी तिच्या सॅकमध्ये निशांतचा एक राखाडी शर्ट घातला, कारण तिने तोच मागितला होता. लॅपटॉप नको म्हणाली. दारात चपला घालता घालता ती थांबली.

"काका, तुम्हाला नक्की कधी कळलं होतं?" तिने विचारलं. निशांतने तिला तारीख सांगितली नव्हती. एवढ्या सोळा दिवसांत एकदाही नाही. बापाला त्याने तेवढं झाकलं होतं.

दिलीपरावांना ते त्या क्षणी समजलं. जुलै संपता संपता, असं मोघम म्हटलं असतं तरी पोरगी निघून गेली असती. कुणी काही विचारायला येणार नव्हतं.

"चोवीस जुलै," ते म्हणाले. "दुपारी साडेबारा वाजता."

मनालीने मान वर केली. ती आठवत होती, आणि तिला आठवेपर्यंत दिलीपराव तिच्यासमोर उभे राहिले.

"पंचवीसला मी तुम्हाला फोन केला होता," ती म्हणाली.

"व्हय."

मग तिने खाली वाकून चपलेचा बंद लावला, सॅक खांद्यावर घेतली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरायला लागली. नमस्कार केला नाही, येते म्हणाली नाही. दिलीपराव कठड्याला धरून तिच्या पावलांचा आवाज चारही मजले ऐकत राहिले. खालचं गेट वाजलं, तरी ते तिथेच उभे होते. शेवटी अरुणाबाईंनी येऊन त्यांचा हात कठड्यावरून सोडवला आणि त्यांना घरात नेलं.